बाई काही घेत नाहीत

तलावबाईंना तलावबाई म्हणायला पहिल्यांदा कोणी सुरुवात केली, ते आता कोणालाच आठवत नाही. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर त्यांनी उभी हयात पोरांना पोहायला शिकवलं, तेव्हा हे नाव ठेवणाऱ्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. गळ्यात शिटी, अंगाला क्लोरीनचा वास, आणि आवाज असा की खोल बाजूच्या काठावरून त्यांनी हाक मारली तर बाहेर रस्त्यावरच्या सायकलवाल्यानं ब्रेक दाबावा. पाण्याला घाबरणारं पोर हाती आलं की बाई त्याला आधी पाण्यात उतरवतच नसत. काठाच्या फरशीवर बसवून सांगत, "श्वास घ्यायला कोणाला शिकवावं लागत नाही. सोडायला शीक." पोर फुंकर घालत बसे, हळूहळू खांदे सैल सोडी, आणि मग बाई त्याला हात धरून पायरीवर नेत.

शिकवायला अशी बाई मिळायची नाही. पण माणूस म्हटलं की कुठेतरी खोट असायचीच. बाईंची खोट अशी, की आपलं शरीर ठणठणीत आहे ते आपल्या पुण्याईनं आणि दुसऱ्याचं बिघडलं ते त्याच्या कर्मानं, असं त्यांचं पक्कं मत होतं. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते याला. त्यांची थोरली बहीण पर्समध्ये गोळ्यांचा डबा बाळगायची, सकाळ-दुपार-रात्रीचे कप्पे असलेला. तो डबा बाहेर निघाला की बाई चारचौघांत म्हणत, "ताई, तुझं जेवण कुठलं आणि गोळ्या कुठल्या, काही कळेनासं झालंय." ताई हसायची. ती हसते म्हणजे तिला लागत नाही, असा बाईंनी सोयीचा अर्थ काढला होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. दवाखान्यात टेबलापलीकडे जी डॉक्टर बसली होती, ती एके काळी तलावाच्या कठड्याला घोरपडीसारखी चिकटून बसणारी मुलगी होती. बाईंनीच तिची बोटं एकेक करून सोडवली होती. तिनं बाईंच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, काही न बोलता दुसऱ्या दंडाला बांधला, आणि म्हणाली की बाई, बीपी बरंच वाढलेलं दिसतंय. बाईंनी तिला मशीन बदलायला सांगितलं. मशीन बदललं, पुढच्या आठवड्यात बदललं, त्यानंतरही एकदा बदललं. आकडा काही बाईंच्या धाकाला भ्याला नाही.

दोन गोळ्या लिहून देताना डॉक्टरनं मीठ कमी करा, रोज चाला, असं सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, नुसत्या श्वासावर नाही का भागणार? श्वासाचा तर माझा हातखंडा. तेव्हा ती जे बोलली ते बाईंना शब्दन्‌शब्द पाठ आहे. "श्वास कराच बाई. संथ श्वासानं बीपी थोडं उतरतं, ते खोटं नाही. पण श्वास आणि गोळी या काही सवती नाहीत. दोघी एका घरात नांदतात. आणि काढा, चूर्ण, असलं काही वरून चालू केलंत तर मला सांगा, म्हणजे औषधांचे पाय एकमेकांत अडकणार नाहीत."

बाईंनी सगळं केलं. अर्धवट काही करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. जेवणातलं मीठ इतकं उतरवलं की नवरा शेजारी जेवायला जायची धमकी देऊ लागला. रोज तलावाभोवतीच्या रस्त्यावरून चालायला लागल्या, आणि सकाळ-संध्याकाळ खिडकीशी बसून सावकाश श्वास घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. वर्षभरानं डॉक्टरनं दोनाची एकच गोळी केली, आणि कौतुकानं म्हणाली की ही एक गोळी तुमच्या श्वासानं आणि चालण्यानं घालवली, दुसरी मात्र चालू ठेवायची. कोणालाही अभिमानानं सांगावी अशी ही गोष्ट होती. पण बाईंना गेलेली गोळी दिसेना. राहिलेलीच दिसे, आणि ती दिसली की ताईचा डबा आठवे.

म्हणून ती गोळी लपली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान सोडून बाई दोन थांबे पलीकडच्या दुकानात जात, जिथं त्यांना कोणी ओळखत नसे. सकाळी न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून गोळी घेत. घरात नवऱ्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं, आणि त्याला तर सगळं ठाऊकच होतं. तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा, बोलायला कमी पण बोललं की नेमकं. "नळ चालू ठेवून गोळी घेतेस," तो एकदा म्हणाला, "औषधापेक्षा पाण्याचं बिल जास्त यायचं." बाई त्यावर हसल्या नाहीत. ताईला त्यांनी यातलं अक्षरही कळू दिलं नाही.

निवृत्तीनंतर घरात बसून बाईंचा जीव गुदमरायला लागला. शेवटी लॉन्ड्रीच्या वरची रिकामी खोली घेऊन त्यांनी श्वासाचा वर्ग काढला. खाली दिवसभर इस्त्र्या चालत, त्यामुळे वरची फरशी थंडीतही कोमट असे आणि खोलीत धुतलेल्या चादरींचा वास भरून राही. घडीच्या खुर्च्या, एक खिडकी, खिडकीखाली बसथांबा. येणारी मंडळी सगळी उतरत्या वयाची आणि चढत्या रक्तदाबाची. बेकरीत केक करणाऱ्या केकवाल्या काकू, निवृत्त बसड्रायव्हर, एकच चष्मा दोघींत वापरणाऱ्या दोन बहिणी, शाळेतले एक कारकून. आणि कुलूपदादा.

कुलूपदादांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची बोळकांडी. भिंतीभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, समोर चाव्या कापायचं यंत्र, आणि बसायला एक स्टूल, ज्यावर ते बसले की दुकान भरलं. त्यांचं म्हणणं असं की कुलूप बिघडतं ते क्वचित. माणसं जोर करतात म्हणून ते रुसतं. चावी अडकली की ते डोळे मिटून ती अलगद हलवत, कान देऊन ऐकत, आणि कुलूप आपणहून उघडे. असा माणूस श्वासाच्या वर्गात रमला नसता तरच नवल. पहिल्याच दिवशी त्यांनी डोळे मिटले ते असे की वर्ग संपल्यावर बसड्रायव्हरनं त्यांना हलवून शेवटचा स्टॉप आला म्हणून सांगितलं.

वर्गात सगळ्यांना माहीत होतं की बाईंचंही बीपी एके काळी वाढलं होतं आणि श्वासानं ते खाली आलं. हे बाईंनीच सांगितलं होतं. खोटं त्यात काही नव्हतं, फक्त अर्धं राहिलं होतं. राहिलेलं अर्धं पुढे कधीतरी ओघात सांगू, असं बाई मनाशी म्हणत, आणि ओघ काही येत नसे.

आता खरी गोष्ट. वर्ग संपला की केकवाल्या काकू थर्मासमधून सगळ्यांना चहा देत. त्या दिवशी बाई पाठमोऱ्या उभ्या राहून खिडकी लावत होत्या. खिडकीची कडी कुरकुर करत होती आणि खाली बस उभी होती, त्यामुळे मागे काय बोलणं चाललंय ते त्यांना ऐकू आलं नाही. मागे चालला होता गोळ्यांचा विषय. कुलूपदादा सांगत होते की गोळीनं पाय सुजतात, संध्याकाळी बुटात जात नाहीत, वैताग आलाय. आणि मग त्यांनी बाईंना विचारलं, "बाई, तुम्ही काही घेता का?"

बाई वळल्या तर कुलूपदादांच्या हातात चहाचा कप. बाई म्हणाल्या, "नाही हो. मी काही घेत नाही. कधीच नाही."

आपल्या भाषेत हे एक घेणं भारी लबाड आहे. श्वास घ्यायचा, चहा घ्यायचा, गोळी घ्यायची, वर्ग घ्यायचा, आणि कोणी हसलं तर मनाला लावून घ्यायचं. सगळ्याला एकच क्रियापद. मग केकवाल्या काकूंनी कौतुकानं मान हलवली, दोन बहिणींनी एकमेकींकडे बघितलं, आणि कुलूपदादा कप खाली ठेवून म्हणाले, "बघा. इतकं बीपी होतं, आणि बाई काही घेत नाहीत. याला म्हणतात साधना."

तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंड उघडलंही होतं त्यांनी. अहो, मी चहाचं म्हणत होते, एवढं एक वाक्य. सगळे हसले असते आणि विषय संपला असता. पण सहा चेहरे त्यांच्याकडे असे बघत होते, जसं त्यांच्याकडे तलाव सोडल्यापासून कोणी बघितलं नव्हतं. बाईंनी तोंड मिटलं. चहा त्या दिवशी त्यांनी घेतला नाही, श्रेय घेतलं.

घरी जाताना कानशिलं तापली होती. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी बातमी पोचली होती. लॉन्ड्रीवाला खालूनच म्हणाला, काय बाई, औषधाशिवाय बीपी जिंकलंत म्हणे. पुढच्या महिन्यात वर्गातली माणसं वाढली. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लोक तयारच असतात; खाली उतरायची शिडी मात्र कोणी लावून देत नाही. मंडळींनी आपसांत ठरवून बाईंना पाटी भेट द्यायचं काढलं, आणि पाटी रंगवायला अर्थातच बाईंचा नवरा. मजकूर मंडळींनीच कागदावर लिहून दिला होता: श्वासाचा वर्ग, औषधाविना आरोग्य.

नवऱ्यानं पहिली ओळ रंगवली. दुसरीपाशी ब्रश उचलून धरला आणि विचारलं, "हे लिहू?"

बाई ओट्यापाशी काहीतरी पुसत होत्या. पुसायचं काही नव्हतं. "लिही," त्या म्हणाल्या. त्यानं पुन्हा विचारलं नाही. अक्षरं मात्र अशी सुरेख काढली की बाईंना ती बघवेनात. पाटी जिन्याच्या तोंडाशी लागल्यावर त्या रोज मान खाली घालून वर चढत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वर बसून त्या आवाज स्थिर ठेवून सांगत, सावकाश सोडा, घाई नाही. आणि स्वतःचा श्वास छातीत अडलेला असे.

कुलूपदादा सगळ्यांत मन लावून करत. दुकानात गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसून करत, चावी कापून झाली की दुसरी लावायच्या आधी करत. मीठ सोडलं, खारे दाणे सोडले, सिगारेट तर वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात सोडली होती. एकदा ते बाईंना म्हणाले की हल्ली पाय अजिबात सुजत नाहीत, बूट सैल होतात. बाईंना बरं वाटलं. पाय का सुजत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही असं नाही. चोराच्या मनात चांदणं. पण विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि उत्तर ऐकलं तर आपलं सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांनी विचारलंच नाही. चहाच्या वेळी झाली ती चूक म्हणता येईल. ही मात्र चूक नव्हती.

मग एका सकाळी वर्गात कुलूपदादांची खुर्ची रिकामी राहिली. केकवाल्या काकू उशिरा आल्या, त्यांचा चेहरा उतरलेला. त्यांनी सांगितलं ते असं: दादा दुकानात चावी कापत होते, हातातून चावी पडली. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारतंय तर यांच्या तोंडून शब्दांऐवजी काहीतरी लडबडलेलं. गिऱ्हाईक शहाणं, त्यानं थेट दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवा हात गेल्यात जमा, आणि बोलणं जड. बीपी भलतंच चढलं होतं म्हणे. काकू पुढे म्हणाल्या, "डॉक्टर विचारत होते, गोळ्या कधीपासून बंद केल्या? दादांनी गोळ्या बंद केल्या होत्या?"

बाईंना वाटलं, सगळे आपल्याकडे बघतायत. खरं तर कोणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. त्याचं कारण बाईंना नंतर कळणार होतं.

त्या थेट आपल्या डॉक्टरकडे गेल्या. एक ओळखीचे गृहस्थ म्हणून सगळं सांगितलं आणि विचारलं, श्वास एवढा नियमित करूनही असं का व्हावं? डॉक्टर म्हणाली की श्वासानं उतरतं ते थोडं. त्यांचं बीपी फार चढणारं असणार, ते गोळीनं दाबून ठेवलं होतं. गोळी आपल्या मनानं सोडली की ते पुन्हा चढतं, आणि चढताना काही कळत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस फसतं. आणि पाय सुजत होते तर गोळी बदलून मिळाली असती. तेवढं नुसतं सांगायचं होतं डॉक्टरला. मग तिनं सहज विचारलं, "तुमच्या वर्गात तुम्ही सांगता ना बाई, गोळ्या सोडू नका म्हणून? तुमचं उदाहरण तर किती चांगलं आहे. दोनाची एक झाली."

बाई टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिल्या. काठ सोडायला घाबरणाऱ्या त्या मुलीला कधी काळी आपण माझ्यावर भरवसा ठेव म्हणालो होतो, आणि तिनं ठेवला होता, हे त्यांना आठवलं. सांगते की, असं काहीतरी पुटपुटून त्या उठल्या. बाहेर पडेपर्यंत पाठीवर तिची नजर आहे असं वाटत राहिलं.

कुलूपदादा घरी आल्यावर बाई भेटायला गेल्या. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. "या," एवढंच म्हणाली. आधी ती भेटली की बाईंना जिन्यात उभं करून अर्धा अर्धा तास बोलायची. दादा खिडकीजवळ उशांना टेकून बसले होते. उजवा हात पांघरुणावर तसाच पडलेला, बोटं थोडी आत वळलेली. शेजारी स्टुलावर एक साधं कुलूप आणि त्याची चावी ठेवली होती. बायकोनं सांगितलं की डाव्या हातानं लावायचा सराव करतात. अजून जमत नाही.

दादा बाईंना बघून उठायला लागले. बाईंनी नको नको म्हणत त्यांना बसवलं. दादांनी बराच वेळ शब्द गोळा केले. एकेक शब्द येत होता आणि वाटेत अडखळत होता.

"बाई," ते म्हणाले, "माझंच... चुकलं असणार. श्वास मला... नीट जमला नाही. तुम्ही एवढं... शिकवलंत. माफ करा."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते उगाच नाही म्हणत. हा माणूस हात गमावून बसलाय आणि आपली माफी मागतोय. आता सांगायचं, आत्ता या क्षणी, हे त्यांना लख्ख कळत होतं. पण "असं काही मनात आणू नका दादा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि हेही पुन्हा मोठेपणाचंच बोलणं झालं, जणू त्यांनीच दादांना क्षमा केली.

वहिनी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आल्या. वर दादांना ऐकू जाणार नाही एवढ्या पायऱ्या उतरून झाल्यावर थांबल्या. "रोज हातावर गोळी ठेवत होते मी," त्या म्हणाल्या. "भांडले, रडले. म्हणायचे, बाई काही घेत नाहीत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना धरायला काहीतरी मिळालं असतं. वहिनी वळून वर गेल्या आणि बाई कितीतरी वेळ त्याच पायरीवर कठडा धरून उभ्या होत्या.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, न विचारलेल्या प्रश्नासकट. तो ऐकत राहिला. शेवटी बाई म्हणाल्या, ती पाटी काढ. तो उठला आणि पाना घेऊन गेला. जाताना म्हणाला, पाटी मी काढीन, पण बोलायचं ते तुलाच बोलावं लागेल. आयुष्यात बाईंनी त्याच्याकडून ऐकलेला हा बहुधा सगळ्यांत कडक शब्द.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. "ही माझी गोळी," त्या म्हणाल्या. "बीपी निघाल्यापासून घेतेय. एक दिवस चुकवली नाही. त्या दिवशी मी चहा घेत नाही म्हणाले होते. तुम्ही वेगळं समजलात, ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसले. मला आवडलं म्हणून गप्प बसले. श्वासानं माझी दोनातली एक गोळी कमी झाली, दुसरी सुटली नाही. कुलूपदादांनी माझ्याकडे बघून सोडल्या."

खाली इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज झाला. बाई वाट बघत होत्या. कोणी तरी उठेल, बोलेल, तोंडावर थुंकेल. सगळं ऐकून घ्यायची त्यांनी तयारी केली होती.

उठल्या त्या केकवाल्या काकू. त्यांनी पिशवीत हात घातला, पिठानं माखलेली एक डबी काढली आणि बाईंच्या पाकिटाशेजारी ठेवली. "मी पण घेते," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटेल म्हणून बोलले नाही." मग बसड्रायव्हरनं खिसा चाचपला. मग दोन बहिणी, ज्यांच्यात चष्मा एक असला तरी गोळ्या दोन निघाल्या. कारकुनांनी तर तीन तऱ्हेच्या काढल्या आणि सांगितलं की वर्गाला येताना ते त्या मोज्यात लपवतात, चुकून पडायला नकोत म्हणून. झाकली मूठ म्हणता म्हणता सगळ्यांच्या मुठी उघडल्या. एकही माणूस असं नव्हतं की ज्यानं बाईंचं ऐकून गोळी सोडली होती. सगळे घेत होते, आणि सगळे बाईंपासून लपवत होते, जसं त्या सगळ्यांपासून.

कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. बघता बघता खोलीभर हसू पसरलं, सुटल्याचं, हायसं वाटल्याचं. ड्रायव्हर म्हणाला, बाई, इथे तर औषधाचं दुकानच निघालं. काकू डोळे पुसत हसत होत्या. त्यांनी बाईंना कधीच माफ करून टाकलं होतं, बाईंनी मागायच्याही आधी. बाईंनी हसायचा प्रयत्न केला. पण नजर रिकाम्या खुर्चीवर गेली आणि सगळा हिशेब त्यांना एकदम लागला.

वर्ग तसाच सोडून त्या निघाल्या. कुलूपदादांच्या घरी दार उघडल्यावर पायातले जोडे काढायचंही त्यांना सुचलं नाही. दादा खिडकीशीच होते. वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं, वर्गात सांगितलं तसंच, आडपडदा न ठेवता. गोळी, चहा, पाटी. आणि हेही, की पाय सुजायचे थांबले तेव्हा आपल्याला शंका आली होती आणि आपण मुद्दाम विचारलं नाही. मग थांबल्या. बाकीच्यांचं सांगावं की नाही, हा विचार त्या वाटभर करत आल्या होत्या. न सांगणं सोपं होतं. पण आता त्यांना न सांगण्याची भीती वाटायला लागली होती. त्यांनी सांगून टाकलं, की वर्गात सगळे घेतात. पहिल्यापासून.

दादांच्या चेहऱ्याचा एक भाग हलत नव्हता, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता. ते बाईंकडे बघत राहिले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"म्हणजे," ते म्हणाले, "सगळ्या वर्गात... तुमचं ऐकणारा... मी एकटाच?"

"हो," बाई म्हणाल्या.

दादांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. मग तोंड खिडकीकडे फिरवलं. वहिनी भिंतीपासून हलल्या नाहीत. बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, आणि त्यांना कोणी बसा म्हणालं नाही.